जुनं कपाट ठेवा, मुलीचा फंडही ठेवा

एका वाचक भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा: घर चाळीस वर्षांचं आहे. दिवाणखाना आणि झोपायच्या दोन खोल्या पर्यावरणपूरक पद्धतीने नव्याने करायच्या आहेत. डिझायनरचा अंदाज नेहमीच्या कामापेक्षा एक तृतीयांशाने जास्त आला आहे. त्यातले ३० टक्के पैसे हाताशी आहेत, ४० टक्के मुलीच्या उच्च शिक्षणाच्या फंडातून काढायचे आणि उरलेल्या ३० टक्क्यांसाठी पर्सनल लोन घ्यायचं, असा बेत आहे. मुलगी नऊ वर्षांची असून तिला दमा आहे. त्या लिहितात, "घर निरोगी करण्यासाठी केलेला खर्च चुकीचा कसा असेल?"

ताई, तुमच्या हेतूत चूक काहीच नाही. पण तुम्ही पाठवलेलं कोटेशन मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडखळले. निरोगी घरासाठी लागणाऱ्या गोष्टी त्यात थोड्या आहेत. बाकीचा खर्च चांगल्या स्थितीतलं सामान काढून त्या जागी नवं बसवण्याचा आहे.

तुमचे खरे आकडे इथे देत नाही, एकूण रक्कम १०० धरते. नवं फर्निचर ४६, बांबूची फरशी १८, फॉल्स सिलिंग आणि दिवे मिळून १४, रंगकाम ९, पडदे आणि सोफ्याचं कापड ८, तोडफोड आणि राडारोडा उचलणं ५.

आधी पैसे कुठून येणार ते पाहू. पर्सनल लोन १२ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी मिळालं असं धरलं, तर मुद्दलाच्या जवळजवळ एक तृतीयांश व्याज जातं. म्हणजे ३० चे ४० फेडायचे. मुलीच्या फंडाचं गणित याहून जड आहे. तिच्या कॉलेजला ९ वर्षं आहेत. परताव्याची हमी कुणीच देऊ शकत नाही, पण ८ टक्के धरला तर ७२ च्या नियमाने (७२ ला परताव्याच्या टक्क्यांनी भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं कळतात) रक्कम ९ वर्षांत दुप्पट होते. आज काढलेले ४० म्हणजे तेव्हाचे ८०. ते भरून काढायला तुम्हाला दरमहा जादा बाजूला टाकावे लागतील, आणि नेमक्या त्याच पहिल्या पाच वर्षांत कर्जाचा हप्ताही चालू असेल. दोन्ही एकदम जमेल असं तुमच्या जमाखर्चावरून मला दिसत नाही.

आता त्या ४६ कडे येते, कारण सगळा निर्णय तिथेच आहे.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत जुनं कपाट दिसतंय. भरीव लाकडाची चौकट, दाराच्या कडेला पॉलिश उडालंय, खालची बिजागरी सैल झाल्यामुळे एक दार झुकलंय. आतल्या फळ्या सरळ आहेत, वाळवीचं कुठे नावही नाही. हे कपाट काढून तिथे 'ई-झिरो' प्लायचं नवं बसवायचं आहे. प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड या सगळ्यांत लाकूड चिकटवायला रेझिन लागतं. बहुतेक वेळा ते फॉर्मल्डिहाइडचं असतं आणि तो वायू बोर्डातून हळूहळू बाहेर पडत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. डोळे आणि श्वासनलिका तर तो लगेच चुरचुरवतो. बोर्ड नवा असताना हे उत्सर्जन सगळ्यात जास्त असतं, उष्णता आणि दमटपणात आणखी वाढतं, आणि काळाबरोबर कमी होत जातं. चांगल्या प्रतीच्या बोर्डात ते कमी असतं हे खरं. पण तुमच्या भरीव लाकडाच्या कपाटात चिकटवलेला बोर्ड जवळपास नाहीच. दमा असलेल्या मुलीच्या खोलीतून ते काढायचं आणि पैसे मोजून तिथे नवा बोर्ड आणायचा, हे मला आईच्या नजरेतूनही पटत नाही आणि हिशेबातही बसत नाही.

'ई-झिरो' या शब्दावर तर मुळीच विसंबू नका. ई-वन ही बोर्डातून किती फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं याची युरोपातली प्रतवारी आहे, तिची मर्यादा चाचणीच्या पेटीतल्या हवेत घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅम आहे. ई-झिरोचा अर्थ मात्र देशागणिक आणि कंपनीगणिक बदलतो. म्हणून नाव ऐकून न घेता चाचणीचा कागद मागा आणि त्यावरचा आकडा वाचा. हे मी अनुभवातून सांगतेय. माझ्या अभ्यासाच्या खोलीसाठी मी 'पर्यावरणपूरक' म्हणून जास्त पैसे देऊन फळ्या घेतल्या होत्या. रात्रभर बंद असलेला खण सकाळी उघडला की डोळ्यांत पाणी यायचं. प्रमाणपत्र काढून पाहिलं, तर ते वरच्या लॅमिनेटचं होतं. आतल्या बोर्डाचं नव्हतंच. दोन महिन्यांनी त्या फळ्या काढल्या आणि दुसऱ्यांदा खर्च केला.

तुमच्या सुताराला चौकट तशीच ठेवून दारं दुरुस्त करायला, बिजागऱ्या बदलायला आणि पाण्यात मिसळणारं पॉलिश करायला सांगा. टीव्ही युनिट फुगलंय, ते बदलावंच लागेल. तुमच्या डिझायनरच्याच दरांनी मी हिशेब केला, हे सगळं १४ मध्ये बसतं. नव्या युनिटला भरीव लाकूड घेणार असाल आणि ते एफएससीचं (जंगलं जपून मिळवलेल्या लाकडाला मिळणारं प्रमाणपत्र) आहे असं दुकानदार म्हणाला, तर तो दावा आणि प्रमाणपत्राचा क्रमांक बिलावर लिहून घ्या. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत प्रमाणपत्र असलेला विक्रेता एफएससीचा माल पुढच्या व्यापाऱ्याला विकतो, तेव्हा बिलावर तसा उल्लेख असावा लागतो.

बांबूची फरशी सोडून द्या. बांबू ३ ते ५ वर्षांत तोडायला येतो हे त्याचं मोठं बळ आहे, पण त्याच्या पट्ट्या जोडायलाही रेझिनच लागतं. शिवाय तुमची आताची फरशी न तडकलेली, न हललेली आहे. ती उखडून राडारोडा करण्यात पर्यावरणाचं काय भलं?

फॉल्स सिलिंगही नको. दिवे मात्र आधी बदला. दिवाणखान्यात ५० वॅटचे १० हॅलोजन आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्या जागी ७ वॅटचे एलईडी लावले आणि रोज ४ तास वापरले, तर वर्षाला सुमारे ६२८ युनिट वीज वाचते. तुमच्या वीजबिलातल्या दराने याला गुणा. या यादीत स्वतःचे पैसे स्वतः फेडणारा खर्च हाच. शिवाय हॅलोजनची बहुतेक वीज उष्णतेतच जाते, त्यामुळे खोलीही कमी तापेल. याला ४ धरा.

दुपारी पश्चिमेची खोली भट्टीसारखी तापते म्हणता, आणि उपाय म्हणून कोटेशनमध्ये जाड पडदे आहेत. ऊन काचेतून एकदा आत आलं की पडद्याने फारसं अडत नाही. ते काचेबाहेरच अडवायला हवं. बाहेरून बांबूची चिक किंवा छज्जा लावा, ४ मध्ये होईल. पडदे सुती आणि धुता येतील असेच घ्या, दम्याला धूळ वाईट. पडदे आणि सोफ्याचं कापड मिळून ३ पुरेत.

रंगाचे ९ मी तसेच ठेवलेत, तिथे काटकसर नको. कमी व्हीओसीचा (रंगातून हवेत उडणारी रसायनं कमी असलेला) रंग घ्या, पण गडद छटा टाळा, कारण छटेसाठी मिसळल्या जाणाऱ्या रंगद्रव्यांतूनही व्हीओसी वाढू शकतं. त्याआधी एक काम कराच: घर जुनं आहे, खिडक्या-दारांच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. त्याची चाचणी करून घ्या. शिसं निघालं, तर कुणालाही कोरड्या पॉलिशपेपरने घासू देऊ नका. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही. रंगकाम चालू असताना आणि नंतरही काही दिवस मुलीची झोपायची सोय दुसरीकडे करा, खिडक्या उघड्या ठेवा.

तोडफोडीला १. आता बेरीज ३५ होते. तुमच्याकडे ३० आहेत. उरलेले ५ दरमहाच्या बचतीतून चार महिन्यांत जमतात, हे तुमच्याच जमाखर्चात दिसतंय. तोवर दिवे आणि बाहेरची चिक एवढंच उरकून घ्या. मात्र हे ३० तुमच्या आपत्कालीन निधीतले नाहीत ना, ते मला कळवा. तसे असतील तर आधी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला काढा आणि रंगकाम पुढे ढकला.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं आहे की घर विकताना हा खर्च वसूल होईल. मी तो धरलेला नाही. घेणारा आपल्या आवडीने परत सगळं करतो, आणि तुम्हाला तर या घरात राहायचंय.

डिझायनरला नवं कोटेशन मागताना प्रत्येक वस्तूपुढे तिचा चाचणीचा कागद जोडायला सांगा. शेवटचे १० टक्के पैसे काम संपून दोन आठवडे झाल्यावर द्यायचं ठरवा. त्या दोन आठवड्यांत नव्या युनिटचा एक खण रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी उघडून पाहा.