‘टेकन’ मुलीसोबत पाहावा का? त्याचे बळ आणि त्याच्या उणिवा

आपण विचारले आहे की, अपहरणावर बेतलेला ‘टेकन’ हा इंग्रजी थरारपट पंधरा वर्षांच्या मुलीसोबत पाहण्याजोगा आहे का, आणि त्यात चांगले काय व कच्चे काय. मी हा चित्रपट तीनदा पाहिला आहे. तिसऱ्यांदा पाहिला तो जुळे सोलापुरातील आमच्या घरी, माझी मुलगी शिक्षणासाठी पुण्याला निघण्याच्या आदल्या रात्री, तिच्याच आग्रहावरून. सकाळी तिला हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसवायचे होते. त्यामुळे हे उत्तर एका बापाचे आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

कथा थोडक्यात अशी. अमेरिकी गुप्तहेर खात्यातून निवृत्त झालेला ब्रायन मिल्स घटस्फोटित आहे आणि किम या आपल्या सतरा वर्षांच्या मुलीच्या जवळ राहता यावे म्हणून लॉस एंजेलिसमध्ये येऊन राहिला आहे. किम अमांडा नावाच्या मैत्रिणीबरोबर पॅरिसला जाते आणि पोहोचल्या दिवशीच दोघींना देहविक्रयासाठी मुली पळवणारी टोळी उचलते. शहाण्णव तासांत मुलगी सापडली नाही तर ती कायमची गेली, असे ब्रायनचा सहकारी त्याला सांगतो. २००८ साली प्रथम फ्रान्समध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट पिएर मोरेल यांनी दिग्दर्शित केला असून लुक बेसाँ आणि रॉबर्ट मार्क केमन यांनी तो लिहिला आहे. मुख्य भूमिकेत लियम नीसन आहेत. जेमतेम दीड तासात सारे संपते आणि नायक पॅरिसमध्ये उतरल्यापासून एकही प्रसंग रेंगाळत नाही.

त्याचे खरे बळ मात्र वेगात नाही, दूरध्वनीच्या एका प्रसंगात आहे. किम वडिलांशी बोलत असते आणि बोलता बोलता समोरच्या खिडकीतून तिला दिसते की काही माणसे अमांडाला ओढून नेत आहेत. बाप हजारो मैलांवर आहे आणि त्याच्या हातात केवळ फोन आहे. तो तिला शेजारच्या खोलीत जाऊन पलंगाखाली लपायला सांगतो आणि त्यानंतर जे सांगतो ते ऐकताना कोणाही आईबापाचा जीव गोळा होईल: ते तुला पकडणार आहेत. खोटा धीर देण्याऐवजी, पकडले जाताना समोर जे दिसेल ते मोठ्याने ओरडून सांग, केस, डोळे, उंची, गोंदण, असे तो शिकवतो. मुलीला ओढले जाते, ती ओरडून वर्णन सांगते, मग फोन कोणीतरी उचलतो आणि ब्रायन त्या अनोळखी श्वासाशी बोलतो. या प्रसंगातील त्याच्या धमकीचे संवाद जगभर गाजले, परंतु माझ्या मते त्या धमकीपेक्षा तिच्याआधीची दोन मिनिटे अधिक मोलाची आहेत, कारण संपूर्ण चित्रपटात बाप खरोखर असहाय आहे तो तेवढ्याच वेळात. नीसन यांचा आवाज वर चढत नाही, उलट खाली उतरतो. त्या वेळी पंचावन्नच्या घरात असलेल्या नटाने चेहऱ्याची एकही रेषा जास्त न हलवता केलेले ते काम आहे.

पटकथेचे कौशल्यही याच धाग्यात दिसते. पलीकडचा माणूस उत्तरादाखल दोनच शब्द बोलतो, ‘गुड लक’, आणि तेवढ्या आवाजावरून पुढचा शोध सुरू होतो. पुढे ब्रायन फ्रेंच पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करून टोळीच्या घरात जाऊन बसतो, एक चिठ्ठी पुढे करून तिचा अर्थ विचारतो आणि टेबलावरच्या एका माणसाच्या तोंडून तेच दोन शब्द पुन्हा ऐकतो. मारामारी त्यानंतर होते. त्याआधीचा ताण नुसत्या ऐकण्यातून तयार केलेला आहे.

उणिवांची सुरुवातही इथूनच होते. या प्रसंगानंतर ब्रायन कधी हरू शकतो असे वाटतच नाही. तो एकदा पकडला जातो, पण सुटेल याविषयी आपल्याला शंका नसते. थरार हा भीतीवर उभा असतो आणि भीतीसाठी नायकाला काहीतरी जमत नसावे लागते. ज्याला सगळेच जमते त्याची आपल्याला काळजी वाटत नाही, नुसते कौतुक वाटते. उत्तरार्ध म्हणूनच देखणी हाणामारी म्हणून उरतो. तीही इतक्या बारीक तुकड्यांत कापून जोडलेली आहे की कोणी कोणाला कुठे मारले हे अनेकदा कळत नाही.

याहून मोठी उणीव माझ्या मुलीने दाखवून दिली. शेवट झाल्यावर तिने विचारले, “बाबा, त्या अमांडाचं पुढे काय? तिच्या घरी कोण सांगणार?” अमांडा टोळीच्या घरात मृतावस्थेत सापडते. ब्रायन तिला पाहतो आणि पुढच्या खोलीकडे वळतो. अखेरीस विमानतळावर सारे आनंदाने भेटतात तेव्हा तिच्या नावाने एक वाक्यही बोलले जात नाही. ब्रायन आणखी एका मुलीला गुंगीच्या अवस्थेत उचलून आणतो, तिला सलाईन लावतो, तिच्याकडून माहिती मिळवतो आणि त्यानंतर तीही कथेतून नाहीशी होते. किमलाही फोनच्या प्रसंगानंतर स्वतःचे असे काही करायला मिळत नाही. मुलींच्या विक्रीवर संतापलेला चित्रपट मुलींना मात्र शोधायची वस्तू म्हणूनच वागवतो. आधी दोनदा पाहूनही मला हे दिसले नव्हते.

खलनायकांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. अल्बेनियन टोळी आणि शेवटी अरब शेख, अशी ठरावीक साच्यातून उचललेली माणसे आहेत. ब्रायन एका कैद्याला विजेचे झटके देऊन बोलते करतो आणि माहिती मिळाल्यावर प्रवाह चालू ठेवूनच निघून जातो, आणि चित्रपट हे कोणत्याही अस्वस्थतेशिवाय दाखवतो. आपल्या फ्रेंच मित्राकडून उत्तर मिळवण्यासाठी तो त्याच्या निरपराध पत्नीच्या दंडात गोळी झाडतो, तेही मला अजिबात पटले नाही.

आपण मुलीचे पालक आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहितो. बापाचा संशय अतिरेकी आहे असे किमची आई सुरुवातीला म्हणते आणि कथा तिला चूक ठरवते. आमच्या सोलापुरात मुलीला पुण्याला पाठवावे की नाही यावर घराघरांत चर्चा चालते, आणि हा चित्रपट ‘पाठवू नका’ म्हणणाऱ्यांच्या हाती आयतेच कोलीत देतो. वास्तव निराळे आहे. घरात घुसून उचलून नेण्यापेक्षा नोकरीचे, लग्नाचे किंवा प्रेमाचे आमिष दाखवून फसवण्याचा मार्ग मानवी तस्करीत कितीतरी अधिक वापरला जातो, आणि असे करणारा अनेकदा ओळखीतलाच असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये बळजबरीबरोबरच फसवणूक आणि प्रलोभन यांचाही उल्लेख आहे तो त्यामुळेच. चित्रपटातील या दृष्टीने सर्वांत खरा प्रसंग मारामारीचा नाहीच: विमानतळाबाहेर एक हसतमुख तरुण दोघींना टॅक्सी वाटून घेऊ या म्हणतो, गोड बोलत त्यांच्या दारापर्यंत येतो आणि त्या कुठे उतरल्या आहेत हे टोळीला कळते. आम्ही तिथे चित्रपट थांबवला आणि दहा मिनिटे बोललो.

तेव्हा पाहावा, परंतु मुलीला एकटीने पाहायला न देता शेजारी बसून पाहावा. बांधकामाच्या जागेवरील गुंगीतल्या मुलींचा प्रसंग आणि विजेच्या झटक्यांचा प्रसंग पंधराव्या वर्षी जड जातील. ते पुढे ढकलले तरी कथा तुटत नाही. ‘टेकन’चे पुढचे दोन भागही आले, ते मात्र सोडून दिलेत तरी चालेल.