पाय हळू नाहीत, उशिरा निघतात

प्रश्न : वय ३६. आठवड्यातून तीनदा टेनिस खेळतो. चेंडूपर्यंत पोचतो, पण हात ताणून. फटका उशिराच बसतो. सर्व्हिस जरा वेगात आली की रॅकेट मागे नेईपर्यंत चेंडू अंगावर आलेला असतो. जमिनीवर दोऱ्यांची शिडी अंथरून पायांचे व्यायाम केले. पाय चपळ झाल्यासारखे वाटतात, पण खेळात फरक शून्य. माझे रिफ्लेक्स मंद आहेत का?

उत्तर : रिफ्लेक्सना दोष द्यायची घाई नको. डोळ्यांनी पाहून अंग हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतातच. सरावाने त्यात फारशी कपात होत नाही. ताशी २०० किलोमीटरची सर्व्हिससुद्धा पलीकडच्या बेसलाइनला, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेला, पोचायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेते, आणि तुमच्यासमोरचा गडी काही त्या वेगाने मारत नसणार. म्हणजे वेळ आहे. तो कुठे वाया जातो ते शोधू.

मोबाइल बेसलाइनच्या मागे उभा करून एक सेट स्लो मोशनमध्ये चित्रित करा. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागते, नेमक्या त्या क्षणी चित्र थांबवा आणि फक्त स्वतःचे पाय बघा. माझ्याकडे मोठेपणी शिकायला येणाऱ्या बहुतेकांच्या टाचा त्या वेळी जमिनीला चिकटलेल्या असतात. नजर असते स्वतःच्याच गेलेल्या फटक्यावर, तीही कौतुकाने.

त्या क्षणी पाय हवेत असायला हवेत. याला स्प्लिट स्टेप म्हणतात : प्रतिस्पर्ध्याची रॅकेट पुढे यायला लागली की एक बारीक उडी, खांद्यांपेक्षा थोडे रुंद पाय, आणि चेंडू कुठे निघाला हे कळता कळता चवड्यांवर उतरणं. उंच उडू नका, कागदाची वही पायाखालून सरकेल एवढं पुरे. उतरताना पोटऱ्या आणि मांड्या ताणल्या जातात आणि तोच ताण तुम्हाला बाजूला ढकलतो. लवकर उतरलात तर तो ताण जिरून जातो, पुन्हा थंड उभे. उशिरा उतरलात तर चेंडू जातोय डावीकडे आणि तुम्ही अजून हवेत. तुमच्या शिडीत हेच नाही. शिडी पायांना ठरलेला क्रम शिकवते. कधी निघायचं, हे तिथे कुणी विचारतच नाही. तापायला म्हणून पाच मिनिटं करा, त्याहून जास्त श्रद्धा ठेवू नका.

उपाय थोडा वेडगळ दिसतो. दोघं खेळत असताना कोर्टाबाहेर, बेसलाइनच्या रेषेत, रॅकेटशिवाय उभे राहा. समोरच्या बाजूचा खेळाडू मारेल तेव्हा प्रत्येक वेळी स्प्लिट स्टेप आणि चेंडूच्या दिशेने एक पाऊल, बस. लोक हसतील, हसू द्या. मग जोडीदाराला तीन-चार पावलांवर उभं करा. त्याने दोन्ही हात पसरून एका हातातला चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडायचा आणि तुम्ही दुसरा टप्पा पडायच्या आत पकडायचा. कोणता हात, हे आधी सांगायचं नाही.

फटका मारल्यावर बेसलाइनच्या मधल्या खुणेवर धावत परत यायची सवयही तपासा. उजव्या कोपऱ्यातून क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरका समोरच्या कोपऱ्यात मारलात तर खुणेच्या एक-दोन पावलं अलीकडेच थांबा, कारण समोरच्याला मिळणाऱ्या कोनांचा मध्य तिथे येतो. तिथूनच सरळ रेषेत मारलात तर मात्र खूण ओलांडून जावं लागतं. दमलेल्या माणसाने सरळ रेषेतले फटके का टाळावेत, ते यावरून कळेल.

आता सर्व्हिस. टेनिसपटू आंद्रे अगासी त्याचा प्रतिस्पर्धी बोरिस बेकरकडून पहिले तीन सामने हरला. पुढे त्याला बेकरची एक लकब सापडली, आणि ती त्याने निवृत्तीनंतर सांगितली : चेंडू वर फेकण्याआधी बेकर जीभ बाहेर काढायचा, ती मध्ये असली की सर्व्हिस मध्यरेषेवर किंवा अंगावर, कडेला असली की कोर्टाच्या बाहेरच्या कडेकडे. अगासीच्या मते खरं अवघड काम होतं ते हे गुपित बेकरला कळू न देणं. तुमच्या क्लबात कुणी जीभ काढत नसेल, पण टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू, बघा. उजव्या हाताच्या खेळाडूने तो त्याच्या उजवीकडे लांब टाकला तर स्लाइसची, म्हणजे बाजूला वळत जाणाऱ्या सर्व्हिसची, शक्यता जास्त. डोक्यावर किंवा थोडा मागे गेला तर किक, म्हणजे टप्प्यानंतर चेंडू उसळणार. आणि रॅकेट मागे नेणं विसरा. खांदे वळवले की ती हवी तेवढी मागे जाते, बाकी वेग समोरून आयता मिळतो.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे, टेनिस शिकते. धावण्याचे बूट घरात आहेत, ते चालतील का?

उत्तर : नाही. ते सरळ पुढे धावण्यासाठी असतात. टाच उंच, तळ मऊ. बाजूला धावून एकदम थांबताना पाऊल बाहेरच्या कडेवर कलतं आणि घोटा मुरगळतो. टेनिसच्या बुटाची कड ताठ असते आणि तळ जमिनीलगत. रॅकेट जुनी चालेल, हवं तर कुणाची मागून आणा. बूट मात्र तिच्या मापाचे घ्या. वाढत्या पायाला पुढे पुरतील म्हणून एक नंबर मोठे आणलेत, तर पाय आत सरकेल आणि ती थांबायलाच घाबरेल.