इष्टुर फाकड्याला नारळ कशाला?

बर्मिंगहॅम, रविवार संध्याकाळ

चि. ओजस यास, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू प्रश्न विचारलास आणि नेमकी तेव्हाच आजोबांची रेंज गेली. "आई, वडगावला आजोबांनी एका इंग्रज कॅप्टनची समाधी दाखवली. तिथे फुलं होती, नारळपण होता. लढाई तर आपण जिंकलो ना? मग त्याला नारळ कशाला?" त्यावर आजोबा मागून म्हणाले, "अरे, तो फाकडा होता," आणि फोन कट. आता हे फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. अडेल तिथे आजीकडून वाचून घे.

आधी नाव. त्याचं खरं नाव कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. आजी स्टेशनला काय म्हणते? इस्टेशन. आणि स्कूलला इस्कूल. तसाच स्टुअर्टचा झाला इष्टुर. "फाकडा" मात्र आपल्या लोकांनी त्याला दिलेलं. फाकडा म्हणजे नुसता शूर नव्हे. शूर, देखणा, बेदरकार, थोडा मिजासखोरसुद्धा. घोड्यावरून गेला की लोकांनी वळून पाहावं असा. पेशवाईत मानाजी शिंदे नावाचे एक सरदार होते, त्यांनाही मानाजी फाकडे म्हणत. म्हणजे आपल्या सरदाराला जे बिरूद, तेच समोरच्या फौजेतल्या माणसाला. मला विचारशील तर खरी समाधी हे नावच आहे. दगड नंतरचा.

आता लढाई. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईहून इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची फौज निघाली. सुमारे चार हजार माणसं आणि सामान ओढायला एकोणीस हजार बैल! विचार कर, एका माणसामागे चारपाच बैल. पुण्याला जाऊन पेशव्यांचा कारभार राघोबादादांच्या हाती द्यायचा हा त्यांचा बेत. स्टुअर्ट पुढची तुकडी घेऊन आधीच घाट चढला आणि खंडाळ्याला जाऊन बसला. मागची फौज इतकी रेंगाळत आली की घाटमाथ्यावरून कार्ल्यापर्यंतच्या आठ मैलांना अकरा दिवस लागले. तू आणि आजी भाजी घ्यायला जाता तेव्हासुद्धा याहून भराभर चालता.

आपली फौज समोरासमोर भिडतच नव्हती. बाजूच्या डोंगरांतून यायचं, गोळे टाकायचे, दाणागोटा अडवायचा, पुन्हा पसार. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ स्टुअर्ट पडला. झाडावर चढून दुर्बिणीतून मराठ्यांची फौज बघत होता आणि तोफेचा गोळा लागला, असं आपल्याकडे सांगतात. फाकडाच तो, झाडामागे कशाला लपेल?

पुढचं तुझ्या आजोळचं आहे, म्हणून नीट वाच. इंग्रज ९ जानेवारीला तळेगावात पोचले तेव्हा तळेगाव जळत होतं. कोणी जाळलं? आपल्याच लोकांनी. शत्रूला दाणा मिळू नये, चारा मिळू नये म्हणून. आजीच्या अंगणाच्या आसपास कुठेतरी तेव्हा राख असेल. पुणं अठराच मैलांवर होतं, पण इंग्रजांच्या वरिष्ठांनी कच खाल्ली. ११ तारखेच्या रात्री त्यांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामान पेटवलं आणि गुपचूप मागे फिरले. गुपचूप कसलं! महादजी शिंद्यांना लगेच सुगावा लागला. वडगावला फौज कोंडीत सापडली आणि १६ जानेवारीला इंग्रजांना तह करावा लागला. तू पाहिलेला विजयस्तंभ त्याचा. तह पुढे इंग्रजांनी मानलाच नाही, पण ते पुन्हा कधी.

म्हणजे वडगावात दोन खुणा आहेत, एक जिंकलेल्यांची आणि एक हरलेल्यांतल्या एकाची. पडला कार्ल्याला, समाधी मात्र वडगावला, कारण गोष्ट तिथे संपली.

आता "आपण जिंकलो" याबद्दल. जिंकलो खरं, पण आपण म्हणजे कोण हे जरा मोजून बघ. राघोबादादा स्वतः इंग्रजांच्या छावणीत होते. ते पेशव्यांच्या घरातलेच. आणि त्या चार हजारांत गोरे जेमतेम सहाशे. उरलेले बहुतेक आपल्याकडचेच शिपाई, पगारासाठी कंपनीत भरती झालेले. परतीच्या वाटेवर त्यांचे शेकड्यांनी लोक मेले, जखमी झाले. त्यांतल्या एकाचंही नाव वडगावात कुणी सांगत नाही. इथे आपल्या गल्लीच्या टोकाला जो क्रॉसचा दगड आहे ना, त्यावर पहिल्या महायुद्धात पडलेल्या पोरांची नावं आहेत, अगदी साध्या शिपायांची. नोव्हेंबरात लाल फुलांची चक्रं ठेवतात ती तिथेच. पण समोरच्या बाजूच्या एकाचंही नाव त्यावर नाही. आपल्याकडे उलटं झालं: समोरच्या बाजूच्या एकाला नाव आहे आणि बाकी कुणालाच नाही. दोन्हींत काहीतरी चुकतंय असं मला कधी कधी वाटतं.

मग नारळ कशाला? आजोबा म्हणतील, शौर्याची कदर. ते खरंय, पण अर्धंच. आपण किती मोठ्या मनाचे, शत्रूलाही पूजतो, असं कुणी छाती फुगवून सांगायला लागलं की मला कसंतरी होतं. दुसरी अर्धी गोष्ट माझी पणजी सांगायची. आपल्याकडे अवचित, घरापासून लांब मेलेल्या माणसाची थोडी धास्ती असते. त्याचं कुणी केलं नाही, तर तो वाटेवरच राहतो. म्हणून गावाच्या वेशीवर, पाराखाली एखादा दगड असतो, शेंदूर लावलेला. कुणाचा ते कुणाला ठाऊक नसतं. पण सणाला तिथे नैवेद्य जातो, नवं काही सुरू करताना नारळ फुटतो. इष्टुरचं तसंच. त्याची मुलंबाळं तिथे नव्हती, तर गावानेच त्याचं केलं. आदर आणि भीती यांची गाठ अशी पक्की बसते की सोडवत बसायचं नसतं. तू पाहिलेला नारळ ज्याने ठेवला, त्याला कंपनी, राघोबा, तह यांतलं काही माहीत असेल असंही नाही.

आपली स्वतःची पद्धत मात्र याहून जुनी आहे आणि ती बघायला लांब जायला नको. मावळात जुन्या देवळापाशी पुष्कळदा एखादा उभा कोरीव दगड असतो. त्याला वीरगळ म्हणतात. लढाईत पडलेल्या माणसाचा. खालून वर वाचायचा, पुस्तकासारखा वरून खाली नाही. सगळ्यात खाली लढाई: ढाल, तलवार, कधी आडवा पडलेला वीर, कधी गाई, कारण बऱ्याचदा मारामारी गुरं पळवण्यावरूनच व्हायची. मधे अप्सरा त्याला दोन्हीकडून धरून वर नेतात. त्याच्या वर तो शंकराच्या पिंडीसमोर हात जोडून बसलेला. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहील. गंमत अशी की नाव बहुतेक वेळा कोरलेलंच नसतं! लहानपणी आम्ही अशाच एका दगडाला टेकून चिंचा खायचो. गुरव ओरडायचा, "अगं, माणूस आहे तो!"

आजोबांना सांग, असा वीरगळ दाखवायला घेऊन चला. चपला काढून जवळ जा आणि खालच्या भागावर बोट फिरव. पावसाने झिजलेला असतो, डोळ्यांपेक्षा बोटाला जास्त कळतं. ढाली किती ते मोज.

आणि इष्टुरकडे पुन्हा गेलास तर फूल ने, माझी हरकत नाही. फक्त आजीच्या कुंडीतली अबोली तोडू नकोस, ती मोजून ठेवते. शनिवारी तुमच्या दुपारी फोन करते. आजोबांना तेव्हा गच्चीवर बसायला सांग, तिथे रेंज येते.

तुझी,
आई