मन लागत नसताना उपासनेला जाणे आणि प्रभुभोजन घेणे हे ढोंग आहे का?

आपण थोडक्यात असे विचारले आहे: नंदुरबार जिल्ह्यातील एका ख्रिस्ती घरात आपण वाढलात, दर रविवारी उपासनेला जाता, महिन्यातून एकदा प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) घेता, प्रभूची प्रार्थना तोंडपाठ म्हणता, पण गेल्या काही काळापासून यात कुठेच मन लागत नाही. मग हे चालू ठेवणे म्हणजे ढोंग नाही का, आणि सगळे विधी सोडून नुसता अंतःकरणातून विश्वास ठेवणे जास्त प्रामाणिक ठरणार नाही का? त्यातच आपले वडील "चार लोक काय म्हणतील, निदान त्यासाठी तरी चल" असे म्हणतात आणि आपला त्रागा आणखी वाढतो.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. याच भागातील एका मंडळीत बरीच वर्षे पंच म्हणून काम करीत आलो आहे, तेव्हा उत्तर त्या बेताने वाचावे. माझे मत असे की मन न लागणे आणि ढोंग करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मंडळ्यांमध्ये त्यांची इतकी सरमिसळ झाली आहे की कोरड्या मनाने प्रार्थना करणारा प्रामाणिक माणूस स्वतःला ढोंगी समजतो, आणि डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना करणाऱ्याकडे, त्याचे बाकीचे व्यवहार कसेही असोत, कोणी संशयाने पाहत नाही.

पवित्र शास्त्रात देवाला विधींचा वीट आल्याची वचने पुष्कळ आहेत आणि ती आपल्याला ठाऊक असणारच. ती वचने नेमकी कोणाला उद्देशून आली, हे मात्र आपण सहसा पाहत नाही. आमोस संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायात देव लोकांचे सण, होमार्पणे आणि गायन-वादनही नाकारतो. तिथे तक्रार अशी नाही की गाताना लोकांचे मन भरून येत नव्हते. उलट, सण मोठ्या उत्साहाने होत असावेत असेच त्या वर्णनावरून वाटते. तक्रार आहे ती आठव्या अध्यायात: शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) कधी एकदा संपतो याची वाट पाहणारे, आणि तो संपताच धान्य विकताना माप लहान करून काटा मारणारे व्यापारी तिथे आहेत, आणि एका जोड्यापायी गरिबाला विकत घेणारेही आहेत. कापसाच्या दिवसांत काट्यावर काय चालते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या अध्यायावर भाष्य लागत नाही. यशयाच्या पहिल्या अध्यायातही देव लोकांच्या पसरलेल्या हातांकडे पाहत नाही, कारण ते हात रक्ताने भरलेले आहेत. आणि उपाय म्हणून तो अधिक भावपूर्ण प्रार्थना मागत नाही, तर अनाथाचा न्याय करा, विधवेची बाजू घ्या, असे सांगतो.

यावर आपण म्हणाल की यशयाच एकोणतिसाव्या अध्यायात म्हणतो, हे लोक ओठांनी माझा सन्मान करतात, पण त्यांचे हृदय माझ्यापासून दूर आहे; ही तर मनाचीच गोष्ट झाली. खरे आहे, आणि येशूनेही हे वचन मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात उद्धृत केले आहे. पण त्याने ते कुठे वापरले ते पाहावे. आईबापांना जे द्यायचे ते देवाला अर्पण केले आहे असे जाहीर करून त्यांच्या पालनपोषणातून मोकळे होण्याची सोय काही धर्मपुढाऱ्यांनी करून ठेवली होती. त्या प्रथेबद्दल बोलताना येशू म्हणतो की यांचे हृदय दूर आहे. हृदय किती दूर गेले आहे याची खूण त्याने उपासनेच्या वेळच्या चेहऱ्यावर शोधली नाही. घरातल्या म्हाताऱ्या आईबापांच्या हालात त्याला ती दिसली.

आता आपल्याकडचे एक उदाहरण घेतो. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातील किती कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात हे आपण जाणता. समजा, एखादा मुकादम ख्रिस्ती आहे, दशांश (देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) चुकवत नाही, नाताळच्या मंडपाला भरघोस वर्गणी देतो, पण उचलीच्या हिशेबात मजुरांना फसवतो. त्याला उपासनेत अगदी मनापासून रडू येत असेल. ते रडणे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय सांगतो की कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, आणि तो आक्रोश प्रभूच्या कानी गेला आहे. ढोंगाचा प्रश्न या मुकादमाने स्वतःला विचारावा. आपल्याला तो पडला आहे आणि त्याला पडत नाही, यातच बरेच काही आले.

येशू विधींच्या विरोधात होता, हा समजही आपल्याकडे फार सहज रुजला आहे. लूक चौथ्या अध्यायात लिहितो की तो आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला. परूशी (नियमशास्त्र कसोशीने पाळणाऱ्या यहूदी पंथाचे लोक) पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश देतात पण न्याय, दया व विश्वास सोडून देतात, असे तो मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात सुनावतो, आणि लगेच पुढे म्हणतो की हे करायचे होते आणि तेही सोडायचे नव्हते. म्हणजे जिऱ्याचा दशांशसुद्धा त्याने रद्द केला नाही! डोंगरावरील प्रवचनात दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींविषयी तो बोलतो. तिन्ही चालू राहतील हे गृहीत धरतो आणि फक्त लोकांना दिसावे म्हणून करण्याला मनाई करतो. त्या दृष्टीने आपल्या वडिलांचा युक्तिवाद चुकीचाच आहे. चार लोकांसाठी चर्चला जाणे, हेच तर त्या प्रवचनात नाकारलेले कारण आहे. पण कारण चुकीचे असले म्हणून जाणे चुकीचे ठरत नाही. आपण दुसऱ्या कारणाने जाऊ शकता.

तोंडपाठ प्रार्थनेविषयी आपण लिहिले आहे की ओठ हलतात आणि मन भलतीकडे असते. वधस्तंभावर येशूने जे शब्द काढले त्यांतले दोन उद्गार स्तोत्रसंहितेतले आहेत: "माझ्या देवा, माझ्या देवा" ही हाक बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहे, आणि आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवण्याचे शब्द एकतिसाव्या स्तोत्रातले. मनुष्याच्या आयुष्यात याहून खरा क्षण कोणता असेल? त्या क्षणी त्याच्या ओठांवर आले ते लहानपणापासून म्हटलेले, इतरांनी रचलेले शब्द होते. पाठांतर आणि प्रामाणिकपणा यांचे वैर आहे असे मानणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार करावा. शिवाय अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचून पाहा. ते अंधारात सुरू होते, अंधारातच संपते, शेवटी नेहमीचे स्तवनही येत नाही. तरी ते उपासनेच्या पुस्तकात ठेवलेले आहे. ज्याच्याजवळ स्वतःचे शब्द उरले नाहीत त्याच्यासाठीच ते ठेवले असावे.

आपला प्रश्न खानदेशात इतका टोचतो याला थोडा इतिहासही कारण आहे. पश्चिमेकडे नंदुरबार-नवापूर बाजूला स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशन आणि पूर्वेकडे भुसावळ-जळगाव बाजूला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, अशा मिशनांच्या कामातून आपल्या बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या उभ्या राहिल्या. दोन्ही संस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत निघालेल्या. वैयक्तिक निर्णय, नवा जन्म आणि उत्स्फूर्त प्रार्थना यांवर त्यांचा भर होता. त्या भराचे मोल मी कमी लेखत नाही. पण पिढ्या गेल्या आणि उत्स्फूर्त प्रार्थनेचाही साचा ठरून गेला. आमच्या सभेत साक्ष द्यायला उठणारा माणूस कोणत्या वाक्याने सुरुवात करील आणि कुठे आवाज चढवील, हे मी बहुधा आधीच सांगू शकतो. पुस्तकातून प्रार्थना वाचणाऱ्या कॅथलिक शेजाऱ्यांना आपण विधिनिष्ठ म्हणतो, एवढाच काय तो फरक. त्या परंपरेत निदान एक गोष्ट स्पष्ट आहे: पाचव्या शतकाच्या आरंभी डोनाटसपंथीयांशी, म्हणजे अपवित्र धर्मगुरूने दिलेला संस्कार खरा नाही असे मानणाऱ्या ख्रिस्ती गटाशी, झालेल्या वादात बिशप ऑगस्टिनने मांडले की संस्काराचा खरेपणा तो देणाऱ्या माणसाच्या पवित्रतेवर टांगलेला नसतो, कारण त्यात कार्य करणारा ख्रिस्त असतो. आपल्या कोरडेपणामुळे प्रभूचे मेज, म्हणजे प्रभुभोजन, रिकामे होत नाही, हा दिलासा त्यात मला दिसतो.

विधीच काढून टाकले तर काय होते, हेही इतिहासात पाहायला मिळते. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेने 1883 साली बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन्ही संस्कार पाळणे थांबवले. विश्वास बाह्य चिन्हांवर विसंबू नये, हा त्यामागील एक हेतू होता. त्या संस्थेने केलेली गरिबांची सेवा सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्याकडे गणवेश आहे, बँड आहे, ध्वज आहे आणि त्या ध्वजाखाली सैनिक म्हणून दाखल होण्याचा समारंभही आहे. माणसाला हात, पाय आणि शेजारी आहेत, तोवर तो काही ना काही रीत पाडणारच.

योगायोगाने त्याच 1883 साली पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. ती मधली वर्षे ढोंगाची होती असे कोण म्हणेल? त्याच काळात 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि विधवांना आसरा दिला. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा मार्ग उलटा. त्यांचा विश्वास आधी बसला, बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, आणि 1917 मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. विधीची मर्यादा त्यांनी ओळखली होती. पण भजन-कीर्तन उपासनेत आणून मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी पिढ्यानपिढ्यांचे पाठांतर देऊन ठेवणारेही तेच. विश्वास आणि विधी ठरलेल्या क्रमानेच यावेत असा आग्रह या दोघांच्या चरित्रांपुढे टिकत नाही.

राहिला प्रभुभोजनाचा मुद्दा, आणि आपली खरी भीती तिथे आहे असे मला वाटते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातील इशारा प्रत्येक वेळी वाचला जातो: जो अयोग्य प्रकारे ही भाकर खातो तो दोषी ठरतो. तो ऐकून आमच्या मंडळीतही काही जण, विशेषतः बाया, मन शुद्ध नाही म्हणून मेजापासून मागे राहतात. पण हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने हे कशावरून लिहिले? करिंथमध्ये पोट भरलेले लोक आधीच जेवून घेत, एखादा पिऊन झिंगे, आणि ज्यांच्याजवळ काही नाही ते उपाशी राहून लाजत. अयोग्यपणा तो हा. म्हणून पौल म्हणतो की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावे. परीक्षा करून उठून जावे असे तो म्हणत नाही. अध्यायाच्या शेवटी त्याची सूचना अगदी व्यवहारी आहे: जेवायला एकत्र जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. प्रार्थनेत मन भरकटणाऱ्याला त्या अध्यायात बोलही लावलेला नाही.

ऊसतोडीला गेलेली आमची माणसे पुष्कळदा नाताळलाही गावी नसतात. कोपीतच, म्हणजे मुक्कामाच्या तात्पुरत्या झोपडीतच, कोणी एखादे गीत म्हणतो, कोणी प्रार्थना करतो. मेज नाही, पाळक नाही. त्यांचा विश्वास त्यामुळे उणा झाला असे मला कधी वाटले नाही. तरीही परतल्यावर पहिल्या प्रभुभोजनाला ती माणसे चुकत नाहीत. विधी नसला तर विश्वास मरत नाही, आणि विधी मिळाला की विश्वास त्याच्याकडे धाव घेतो, अशा दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी मी एकत्र पाहिल्या आहेत.

तेव्हा उपासना आणि प्रभुभोजन सोडू नका, असे मी सांगेन. पुढच्या प्रभुभोजनापूर्वी आतमध्ये काही उचंबळते का याची चाचपणी करण्याऐवजी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील सूचना हाती घ्या: वेदीजवळ अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जावे. कोणाचे पैसे द्यायचे राहिले असतील, बांधावरून कोणाशी अबोला असेल, वडिलांना काही टाकून बोलला असाल, तर शनिवारपर्यंत ते मिटवा. त्यानंतरही रविवारी मन कोरडेच राहिले तर राहू द्या आणि मेजाजवळ या.

हे सारे मी आपला विश्वास आहे पण त्याची ऊब लागत नाही, असे धरून लिहिले आहे. विचार केल्यावर येशू प्रभू आहे यावर आपला विश्वासच उरलेला नाही असे आढळले, तर गोष्ट वेगळी आहे. मग वडिलांच्या किंवा चार लोकांच्या भिडेने भाकर घेऊ नका. पाळकांना खाजगीत तसे सांगा, त्या रविवारी जागेवर बसून राहा, आणि कोणी कारण विचारले तर त्याला ते सांगायला आपण बांधलेले नाही.