जुना टू-स्ट्रोक व्हिक्टा मोअर घरी आणावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिडनीत घर घेतलंय, मागे बरंच मोठं गवत आहे, आणि शेजारचे आजोबा कित्येक वर्षं शेडमध्ये पडून असलेला टू-स्ट्रोक व्हिक्टा, म्हणजे गवत कापायचं मशीन, फुकट देताहेत. घ्यावा का, आणि सांभाळणं जमेल का?

घ्या. मी असेच जुने व्हिक्टा सांभाळतो, त्यामुळे बिनधास्त सांगतो. फक्त घरी आणल्या आणल्या दोरी ओढू नका. ही मशीन ज्यांच्या हातून कायमची मरतात, ती बहुतेक त्या पहिल्या उत्साहात मरतात.

आधी हे मशीन काय आहे ते सांगतो, कारण त्याच्या घडणीतच त्याची निगा आहे. मर्विन व्हिक्टर रिचर्डसन या गृहस्थांनी 1952 मध्ये सिडनीच्या काँकर्ड भागात, आपल्या घराच्या गॅरेजमध्ये पहिला नमुना बनवला. मुलगा सुट्टीत लोकांची गवतं कापून पैसे मिळवायचा, त्याला हलकं मशीन हवं होतं. रिचर्डसननी व्हिलियर्स कंपनीचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन आडवं पाडून बसवलं, म्हणजे त्याचा दांडा सरळ खाली पात्यांकडे आला. पेट्रोलची टाकी म्हणून पीचच्या फोडींचा रिकामा डबा लावला. व्हिक्टा हे नाव त्यांच्या मधल्या नावावरून आलं. ऑस्ट्रेलियन माणसाला या मशीनचं इतकं कौतुक आहे की 2000 च्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनात मोअर घेऊन नाच झाला होता. तुमचे आजोबा ते फुकट देताहेत याचा अर्थ ते भंगार आहे असा नाही. ते चालवणारा कुणीतरी त्यांना हवाय.

टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, खाली वेगळं तेल साठवायची जागाही नाही. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद पेटीत) येतं, पिस्टन खाली येताना ते दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. जाता जाता त्याच मिश्रणातलं तेल बेअरिंगला, पिस्टनला, सगळ्याला वंगण घालतं. ज्यांच्या घरी बजाज चेतक होती त्यांना पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल नव्यानं समजवायला नको. मात्र स्कूटरचं प्रमाण इथे लावू नका, या इंजिनांना तेल जास्त लागतं. 160 सीसीच्या व्हिक्टाला साधारण 25 ला 1, म्हणजे एका लिटरला 40 मिली आणि पाच लिटरच्या कॅनला 200 मिली. फार जुन्या, बिडाच्या सिलिंडरच्या इंजिनांना याहूनही जास्त. टाकीवर किंवा इंजिनाच्या झाकणावर स्टिकर शिल्लक असेल तर त्याचंच ऐका. चुकून साधं पेट्रोल भरलं तर काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरला धरतो, म्हणून मिश्रणाचा कॅन वेगळा ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

पेट्रोलबद्दल माझं मत ठाम आहे: ई10, म्हणजे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, नको. इथल्या पंपावर ते सगळ्यात स्वस्त मिळतं म्हणून लोक तेच भरतात. पण त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या रबरी नळ्या, वायसर त्यानं फुगतात किंवा चिकट होतात. महिना महिना उभ्या राहणाऱ्या मशीनला इथेनॉल नसलेलं अनलेडेडच द्या. लागेल तेवढंच कालवा. दोन-तीन महिन्यांपूर्वीचं मिश्रण मी वापरत नाही.

आता शेडमधून आणल्यावर काय करायचं ते. पहिलं काम, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करायची. हे काम प्रत्येक वेळी, पात्यांजवळ हात न्यायच्या आधी, न चुकता. मग टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण उपसा. वार्निशसारखा वास येत असेल तर तीच अर्धी बिघाडाची कहाणी असते. टाकी धुवा, नळी बदला. जुनी नळी वरून ठीक दिसते पण वाकवली की तडकते. प्लग काढून टाका, नवा फार महाग नाही. प्लगच्या भोकातून थोडं टू-टी ऑइल सोडून दोरी अगदी सावकाश ओढा. पिस्टन आजवर कोरडा बसलाय, त्याला आधी तेल मिळू द्या. मग प्लग लावून (वायर अजून बाजूलाच) पुन्हा हळू ओढून बघा. वर जाताना चांगला विरोध लागला तर दाब आहे. दोरी सुळकन बाहेर येत असेल तर रिंगा किंवा गॅस्केट गेलंय.

त्याहून खात्रीची तपासणी हवी असेल तर सायलेन्सर काढा. एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनची बाजू थेट दिसते. ती गुळगुळीत असेल तर इंजिनात जीव आहे, पुढचा खर्च करायला हरकत नाही. उभे खोल चरे दिसले तर हे इंजिन कधीतरी तेलाविना तापलंय, आणि मग आजोबांचे आभार मानून ते सुट्या भागांसाठी ठेवावं. सायलेन्सर उघडलाच आहे तर त्या भोकातली काजळीही काढा. आधी पिस्टन खाली नेऊन, लाकडाच्या काडीनं खरवडायची, लोखंडानं नाही. ‘पूर्वीसारखी ताकद राहिली नाही’ ही तक्रार पुष्कळदा एवढ्यानंच जाते, कारण धूर बाहेर पडायची वाटच निम्मी बुजलेली असते.

कार्ब्युरेटर दोन प्रकारचे भेटतील. जुना जी-फोर, आणि सत्तरच्या दशकापासून आलेला एलएम. दोन्ही प्लास्टिकचे. एलएममध्ये रबरी पडदा आणि ओ-रिंगा असतात, त्या वर्षांनी कडक होतात. त्याचं किट अजून सहज मिळतं आणि घरी तासाभरात बसतं. हा कार्ब्युरेटर प्लास्टिकचा आहे हे हातांनी लक्षात ठेवायचं, स्क्रू जीव लावून आवळायचे नाहीत. थ्रॉटलची केबलही नीट जुळवावी लागते, नाहीतर मशीन सुरू होत नाही किंवा बंद होत नाही. आणि काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद. तो उघडा राहिला तर थेंब थेंब गळून क्रँककेस पेट्रोलनं भरते आणि दुसऱ्या दिवशी मशीन ‘मेलेलं’ वाटतं. असं झालं तर कॉक बंद, प्लग बाहेर, वायर लांब, आणि मोकळ्या हवेत दोरी ओढून सगळं बाहेर टाका.

ठिणगीच नसेल तर जुन्या इंजिनांत फ्लायव्हीलखाली ठिणगी पाडणारे पॉइंट आणि कंडेन्सर असतात. पॉइंटवर गंज चढतो, बारीक पॉलिश पेपरनं साफ होतो. नंतरच्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आहे, ते गेलं की बदलायचंच.

ज्याची मला खरी काळजी वाटते ते म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीचे रबरी ऑइल सील. सील सुकलं की तिथून हवा आत खेचली जाते, पेट्रोलबरोबर तेलही कमी पडतं आणि इंजिन आतून भाजतं. खूण अशी: गरम झाल्यावर आवाज आपोआप चढतो-उतरतो, रेस कमी केली तरी खाली येत नाही. असं ऐकू आलं की त्याच क्षणी बंद करा. ‘आज एवढं गवत संपवून घेऊ’ असं करू नका. खालचं सील पात्यांच्या चकतीच्या वर असतं, तिथे गवताचे लांब धागे आणि सुतळ्या गुंडाळतात, ते वेळोवेळी कापून काढत जा.

पाती चकतीला बोल्टवर सैल झुलतात. दगड लागला की मागे फिरावीत यासाठीच ती सोय आहे, त्यामुळे घट्ट जाम झाली असतील तर ते चुकीचं. बदलायची तर पूर्ण संच, आणि बोल्ट-नटही नवे.

धुराचंही सांगायला हवं. टू-स्ट्रोक काही पेट्रोल न जाळताच बाहेर टाकतं, ही वस्तुस्थिती आहे. 1 जुलै 2018 पासून ऑस्ट्रेलियात लहान इंजिनांच्या उत्सर्जनाचे नियम लागू झाले, 1 जुलै 2019 पासून नियमात न बसणारी नवी इंजिनं विकायलाही बंदी आली. आधीपासून घरात असलेली वापरता येतात. मी स्वतः पुढच्या छोट्या पट्ट्यासाठी बॅटरीचा मोअर वापरतो आणि उन्हाळ्यात कीकुयू गवत गुडघ्याला लागलं की मागच्या अंगणात व्हिक्टा काढतो. तिथे त्याच्या तोडीचं मला अजून काही मिळालेलं नाही. आणि उतारावर तो बिनघोर चालतो, खाली तेल साठलेलं नसल्यामुळे तिरपा झाला तरी वंगण तुटत नाही.

जाता जाता: इथे ज्याला ‘काउच’ म्हणतात ते गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. सिडनीच्या हिवाळ्यात ती पिवळी पडते आणि गणपती हिवाळा सरता सरता येतात, म्हणून उन्हाचा एक कोपरा पाणी घालून राखा आणि तिथे मोअर नेऊ नका.

न्यू साउथ वेल्समध्ये मोअरचा आवाज शेजाऱ्यांच्या घरात ऐकू जाणार असेल तर तो रात्री 8 ते सकाळी 7 लावता येत नाही, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी 8 पर्यंत. टू-स्ट्रोकचा आवाज लपत नाही, तेव्हा हे पाळाच.

मशीन आणलंत की कार्ब्युरेटरचा आणि एक्झॉस्टच्या भोकातून दिसणाऱ्या पिस्टनचा फोटो इथे टाका. तेवढ्यावरून पुढे काय मागवायचं ते सांगतो.