नटीचा घटस्फोट आणि मुलीचं रडणं

प्रश्न: ताई, माझी १६ वर्षांची मुलगी एका नटीच्या घटस्फोटाची बातमी वाचून दोन दिवस धड जेवली नाहीये, ओळख ना पाळख, हे वेडच ना?

उत्तर: अजिबात नाही हो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या संशोधकांनी १९५६ सालीच याला पॅरासोशल म्हटलंय, म्हणजे एकतर्फी जवळीक, टीव्हीवरचा माणूस कॅमेऱ्यात बघून बोलतो आणि आपल्याला वाटतं आपल्याशीच बोलतोय. आता तर नटी विस्कटलेल्या केसांनी, मेकअप न करता, पलंगावर बसून लाइव्ह येते, मग पोरीला ती ताईसारखी वाटणारच ना! मला वाईट याचंच वाटतं, की त्या ताईला हिचं नावही ठाऊक नाही. चेष्टा मात्र करू नका, जवळ बसा, ती का आवडते विचारा आणि मधे न बोलता ऐका.