झडपेची किंमत खोली पाहून ठरत नाही

सोलापूरच्या एका वाचकांनी आईच्या हृदयाची झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेच्या खर्चाविषयी लिहिले आहे. पॉलिसी 5 लाखांची, बिल 4 लाख 80 हजारांचे आणि कंपनीने मंजूर केले 3 लाख; उरलेल्या 1 लाख 80 हजारांसाठी घरातले दागिने गहाण पडले. दोन खाटांच्या खोलीत आईला झोप लागेना, म्हणून दिवसाला 8 हजारांची स्वतंत्र खोली घेतली आणि टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीवर 'फक्त फरक भरावा लागेल' असे तोंडी सांगितले गेले. ही फसवणूक आहे का, आणि रुग्णालयाला दिलेल्या हमीपत्रावर सही केल्याने हक्क गेला का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. रुग्णालय आणि आकडे बदलले तर हेच पत्र मला महिन्यातून दोन-तीनदा येते.

फसवणूक हा शब्द तूर्त बाजूला ठेवा, कारण तोंडी आश्वासन सिद्ध करण्याच्या नादात माणसे हातातला खरा मुद्दा घालवून बसतात. तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या तक्त्यात रूम रेंटसमोर 'विमा रकमेच्या 1 टक्का प्रतिदिन' असे स्वच्छ छापलेले आहे, म्हणजे तुमची मर्यादा दिवसाला 5 हजारांची होती. सहा वर्षे हप्ता भरताना तो तक्ता एकदाही वाचला नाही, असे तुम्हीच लिहिता. यावर मी अधिक काही बोलत नाही. मर्यादेबाहेरची खोली घेतली की कंपनी प्रमाणशीर कपात करते. 5 हजारांना 8 हजारांनी भागल्यावर येणारे साडेबासष्ट टक्के मान्य, उरलेले साडेसदतीस टक्के तुमच्या माथी. सहा दिवसांच्या खोलीचा फरक होतो 18 हजार आणि तुमची कपात झाली 1 लाख 80 हजार, कारण ती टक्केवारी कंपनीने संपूर्ण बिलाला लावली.

ती संपूर्ण बिलाला लावता येते का, एवढ्याच प्रश्नावर तुमचे प्रकरण उभे आहे. विमा नियामकाने जून 2020 मध्ये काढलेल्या परिपत्रकाने ही कपात फक्त 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस' म्हणजे संलग्न वैद्यकीय खर्चापुरती मर्यादित केली आणि औषधे व वापरून टाकायचे साहित्य, शरीरात बसवायची उपकरणे आणि निदानाच्या चाचण्या यांना त्या व्याख्येतून वगळले. आयसीयूच्या आकारावरही अशी कपात करण्यास मनाई केली, आणि जे रुग्णालय खोलीच्या दर्जानुसार वेगवेगळे दर लावत नाही तिथे ही कपात मुळातच लावू नये, असेही सांगितले. 2024 च्या एकत्रित परिपत्रकाने अनेक जुनी परिपत्रके बाजूला सारली आहेत, त्यामुळे जुन्या परिपत्रकाचा क्रमांक उगाळत बसू नका; तीच व्याख्या तुमच्या पॉलिसीच्या व्याख्यांच्या प्रकरणात शब्दशः उतरलेली आहे, आणि कंपनीला तिच्या स्वतःच्या छापील शब्दांत पकडणे केव्हाही सोपे असते.

आता तुमचे बिल पाहू. खोलीभाडे 48 हजार, आयसीयूचे तीन दिवसांचे 30 हजार, झडप 70 हजार, औषधे व साहित्य 1 लाख 2 हजार, चाचण्या 30 हजार, आणि शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृह मिळून 2 लाख. बिलामागे झडपेच्या खोक्यावरचा अनुक्रमांकाचा स्टिकर चिकटवलेला आहे. त्या झडपेची किंमत रुग्ण कोणत्या खोलीत झोपला यावरून ठरलेली नाही, तरीही तिच्यातून 26,250 रुपये कापले गेले. आयसीयूतून 11,250, औषधे-साहित्यातून 38,250 आणि चाचण्यांतून 11,250 गेले. हे चारही आकडे मिळून 87 हजार होतात आणि ते परत मागण्याचा तुमचा हक्क मला भक्कम वाटतो. आयसीयूची तुमची मर्यादा विमा रकमेच्या 2 टक्के, म्हणजे दिवसाला 10 हजार, आणि आकारही तेवढाच, त्यामुळे तिथे मर्यादेचाही प्रश्न येत नाही.

शस्त्रक्रियेच्या 2 लाखांतून कापलेल्या 75 हजारांबद्दल मी तितक्या खात्रीने बोलणार नाही. रुग्णालय खोलीनुसार शस्त्रक्रियेचे दर बदलत असेल, आणि मोठी खासगी रुग्णालये बहुधा बदलतात, तर ती कपात टिकेल. बदलत नसेल तर तीही गैर ठरेल. त्यासाठी रुग्णालयाकडून सही-शिक्क्याचे दरपत्रक किंवा तसे पत्र मागून घ्या. खोलीभाड्याचे 18 हजार मात्र विसरा. तुमच्या बिलात खर्च निदान शीर्षवार दिलेला आहे. ज्यांच्या हाती 'व्हॉल्व्ह पॅकेज' एवढ्या एकाच ओळीचे बिल आहे, त्यांनी आधी तपशीलवार बिल मागावे, नाहीतर वगळायचे काय हेच दाखवता येणार नाही.

सहीची चिंता करू नका. तुम्ही रुग्णालयाला फरक भरण्याची हमी दिली आहे, कंपनीला दावामुक्त केलेले नाही. कंपनीच्या 'पूर्ण व अंतिम' पावतीवर सही असती तरी, ती दबावाखाली किंवा दिशाभूल करून घेतली असल्यास ग्राहक तक्रारीला आडकाठी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच म्हटले आहे.

मला खरी काळजी वाटते ती कॅलेंडरची. सेटलमेंटचे पत्र येऊन 14 महिने झाले आणि या काळात तुम्ही एजंटला आणि कॉल सेंटरला फोन करत राहिलात. लेखी ओळ एकही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार वादाचे कारण घडल्यापासून 2 वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते, आणि फोन केल्याने ती मुदत लांबत नाही. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण 'एजंट उद्या-उद्या म्हणत होता' हे कारण कोणता ग्राहक आयोग मान्य करील याची मी हमी देणार नाही. म्हणजे तुमच्या हाती 10 महिने आहेत.

याच आठवड्यात कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला वरील चार आकड्यांचे पत्र ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही किंबहुना चालतच नाही, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. लोकपालांसाठीचे एक वर्ष नियमानुसार कंपनीने तुमचे निवेदन फेटाळल्यापासून मोजले जाते. पण तुम्ही आजवर लेखी निवेदनच दिले नसल्याने कंपनी सेटलमेंटच्या पत्रापासून वर्ष मोजून आक्षेप घेईल, ही शक्यता धरून चाला. ग्राहक आयोगात आधी तक्रार केली तर मात्र लोकपालांचे दार बंद होते, म्हणून क्रम उलटा करू नका.

लोकपालांकडे काम अडले तर सोलापूरच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येईल. भरलेला हप्ता 5 लाखांच्या आत असल्याने तिथेही शुल्क नाही. कायद्यात 3 ते 5 महिन्यांत निकालाची अपेक्षा लिहिलेली आहे. प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात आणि वर्षे जातात, हे दागिने गहाण ठेवलेल्या माणसाला आधीच सांगितलेले बरे. त्या दागिन्यांचे व्याज आयोगाकडे मागा. पावत्या जोडल्या तर काही अंशी मिळू शकते.

रागाच्या भरात पॉलिसी बंद करण्याचा विचार तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिला आहे, तो सोडा. झडप बदललेल्या रुग्णाला नवी कंपनी घेईलच असे नाही आणि घेतलेच तर जुन्या आजारासाठी प्रतीक्षा काळ पुन्हा लावू शकते. हप्ता वेळेवर भरा, आणि नूतनीकरणाच्या वेळी रूम रेंटची अट काढण्यासाठी किती जादा हप्ता लागेल हे कंपनीकडून लेखी मागवा.